कथील कुठून आलं

अभिमन उखर्डू तांबट आमच्या कॉलेजात एकवीस वर्षं हंगामी होता. हंगामी म्हणजे अकरा महिने काम, मग दोन दिवस घरी, मग नवीन कागद आणि पुन्हा अकरा महिने. ते दोन दिवस तो घरी जात नसे. कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून आत कोण जातं, बाहेर कोण येतं ते बघत राही. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, सुट्टीच आहे तर धुळ्याला घरी जाऊन ये." तर म्हणाला, "भाऊ, मी गऊ आनि मन्ही जागावर कोनी दुसरा बसना त?"

मी वना. मूळ यावलचा, जळगावच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात स्टोअर सांभाळायचो. बाटल्या, भांडी, रसायनं द्यायची, लिहून घ्यायचं आणि लोकांची बोलणी खायची. मी मात्र कायम होतो, तेविसाव्या वर्षापासून. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. त्या साली जागा निघाल्या होत्या आणि माझ्या मामाची तिथं ओळख होती. अभिमनला मामा नव्हता. होते ते फक्त हात. आणि हातांवर कुणाला कायम करत नाहीत.

त्याचं घराणं धुळ्याचं, तांबट गल्लीतलं. स्टीलनं आणि प्लॅस्टिकनं गल्लीचा धंदा बसवला तेव्हा हा जळगावला आला आणि धातूच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटला. भट्टी पेटवणं, साचे घासणं, साहेबांना चहा आणणं ही कामं. काचेची भांडी आधी राखेनं घासायचा आणि मग साबणानं, म्हणून नवे मास्तर त्याच्यावर ओरडायचे. पण धातूचा तुकडा नखानं वाजवून आत चीर आहे की नाही हे तो सांगायचा, आणि यंत्र अर्ध्या तासानं तेच सांगायचं. मास्तर हसायचे, म्हणायचे, "अभिमन, तुला पीएचडी देऊन टाकू." देत काहीच नव्हते.

एक खोड मात्र त्याची जन्माची. काय केलं, कसं केलं, हे तो कुणाला सांगत नसे. त्यांच्या गल्लीत प्रत्येक घराची झाळ वेगळी असायची. झाळ म्हणजे तांब्याच्या दोन पत्र्यांचा जोड ज्यानं बसवतात ते मिश्रण. ते धुवायचं, लावायचं पाणीही घराघराचं वेगळं. शेजारी जेवायला बसला तरी चालेल, पण झाळ करताना दार लावून घ्यायचं. त्याचा बाप उखर्डू याची झाळ फुटत नसे अशी ख्याती होती. दोंडाईच्याच्या एका भांडेवाल्यानं त्याला वर्षभर गोडीगुलाबीनं बोलून ती काढून घेतली. दुसऱ्या वर्षापासून त्यानं उखर्डूला एकही घागर जोडायला दिली नाही. बाप मरताना पोराला एवढंच म्हणाला, "घरनं पानी घरमाच ऱ्हाऊ दे." अभिमननं ते गाठीला बांधलं. त्याला दोष कोणत्या तोंडानं देऊ? त्याच्या घरी ज्यानं सांगितलं तो उपाशी मेला होता.

दिपमाला आमच्याकडे पीएचडीला आली ती साक्रीकडची. वडील एसटीत कंडक्टर. हुशार पोर, पण हुशारीपेक्षा सरळ जास्त, आणि सरळ माणसाचं आपल्याकडं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अभिमनशी ती अहिराणीत बोलायची, त्याला नाना म्हणायची. मास्तरांपैकी कुणीही त्याला अरेतुरेच करायचं. त्यामुळे तो तिच्या कामात जीव ओतायचा.

तिचा विषय मला तिनंच समजावला होता. ग्राफीन म्हणजे कार्बनचा पापुद्रा, इतका पातळ की जाडीला एकच अणू. वजनाच्या मानानं पोलादाहून बळकट. ते तांब्यात मिसळलं तर तांबं मजबूत होईल आणि वीजही नीट वाहून नेईल. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचे पॉइंट झिजतात, जळतात, ते टिकतील. ऐकायला छान. अडचण एवढीच की तांबं ग्राफीनला धरत नाही. दोन्हीची पूड एकत्र घोटायची, साच्यात दाबायची, भट्टीत तापवायची, पट्टी तयार. यंत्रात धरून ओढली की काळ्या पापुद्र्याच्या जागी ती तुटायचीच. ग्राफीन तांब्यातून कोरडंच निघून यायचं. अशा सोळा पट्ट्या तुटल्या. त्यात दोन वर्षं गेली.

सोळावी पट्टी तुटली त्या दुपारी अभिमन ते तुकडे घेऊन माझ्याकडे आला. तुटलेली बाजू उन्हात धरून म्हणाला, "दख भाऊ, दोन्हीस्नी वयखच नही. मंग धरतीन कशा? मझार कथील पाहिजे."

मला काही कळेना. तेव्हा त्यानं कल्हईचं सांगितलं. तांब्याला कथील धरतं, घट्ट धरतं. मग काळ्या पापुद्र्यावर आधी कथिलाचा हात फिरवला तर तांबं त्या कथिलाला धरील. मधे ओळखीचा माणूस असला की सोयरीक जमते, तसं. पण पापुद्र्याला भांड्यासारखी कल्हई कशी करणार? "पानीमा इरघळी असं कथील शे का तुम्हनाकडे?"

होतं. कथिलाच्या क्षाराची एक बाटली, मुदत उलटून गेलेली. ती निकाली काढून नष्ट करायची होती, मी आळसानं ठेवून दिली होती. मी ती त्याला चिठ्ठीशिवाय दिली, रजिस्टरात लिहिली नाही. लिहिली असती तर मुदतबाह्य माल दिला म्हणून मलाच विचारलं असतं. मी म्हटलं, "माझं नाव येता कामा नये." तो म्हणाला, "नही येवाव." आणि ते खरं केलं त्यानं, हे पुढं येईलच.

सतरावी पट्टी तुटता तुटेना. यंत्राचा काटा निव्वळ तांब्याच्या दीडपट पुढं गेला तेव्हा कुठं ती तुटली, आणि तुटलेल्या जागी ग्राफीनला तांबं चिकटून आलं होतं. दिपमाला तिथंच स्टुलावर बसून रडली. अठरावी, एकोणिसावी, विसावी, सगळ्या तशाच. तिचे मार्गदर्शक भूषण सर. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे विभाग होता, सतरा समित्या होत्या आणि कणा नव्हता. ते खुशीत येऊन अभिमनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नाना, आता तुमचं कायमचं प्रकरण मी स्वतः लावून धरतो." एकवीस वर्षांत पहिल्यांदा कॉलेजातल्या कुणी साहेबानं त्याला नाना म्हटलं.

त्या दिवसापासून अभिमनच्या डोक्यात एकच हिशेब. हे पाणी आपल्या हातात आहे तोवर आपली गरज आहे. कायमची ऑर्डर हातात पडली की सांगायचं. त्याआधी सांगितलं तर आपण उखर्डू.

दिपमाला संध्याकाळी ग्राफीन तोलून त्याच्या हवाली करायची. तो ते रात्रभर भिजत ठेवायचा आणि सकाळी धुऊन वाळवून तिला परत द्यायचा. मधे काय व्हायचं ते तिला ठाऊक नव्हतं. संशोधन करणाऱ्यानं असं चालवून घेऊ नये, हे माझ्यासारख्या स्टोअरवाल्यालाही कळतं. तिलाही कळत होतं. तिनं तीनदा विचारलं. "नाना, तुम्ही त्यामा काय टाकतस? सांगा ना. माले लिखनं पडी." तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "बेटा, ऑर्डर हातमा येऊ दे. मंग बठ्ठं सांगसू." तिच्या मागे सोळा तुटलेल्या पट्ट्या होत्या, पुढं मुदत संपत आली होती. तिनं प्रबंधात लिहिलं, ग्राफीन धुऊन वाळवून घेतले. ते खोटं नव्हतं. अपुरं होतं, आणि या धंद्यात अपुऱ्याला खोट्याहून जास्त मार बसतो.

तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी बाहेरगावच्या मोठ्या यंत्रावरचा अहवाल आला. सतरापासूनच्या सगळ्या पट्ट्यांत कथील दिसत होतं. दिपमाला तो कागद घेऊन आधी अभिमनकडे गेली. तो मान खाली घालून साचा घासत राहिला. मग ती माझ्याकडे आली.

"वनाभाऊ, स्टोअरमधून कथिलाचं काही प्रयोगशाळेत गेलंय का?"

मी रजिस्टर काढलं. तिच्यासमोर पानं उलटली, बोट फिरवलं, अगदी प्रामाणिक माणसासारखं. आणि म्हटलं, "नोंद नाही."

मला निवृत्तीला चार महिने होते. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मी तेच इथं सांगितलं असतं.

ती गेल्यावर मी अभिमनला गाठलं. म्हटलं, "अरे, पोरीची परीक्षा आहे गुरुवारी, आता तरी सांग." तो म्हणाला, "सोमवारले मीटिंग शे, भाऊ. भूषण सर सांगी ऱ्हायनात, मन्हं नाव शे. फक्त सोमवार व्हवू द्या." त्याची समजूत अशी की तोंडी परीक्षा म्हणजे साखरपुडा. ठरलेलं आधीच असतं, लोक येतात, पेढे खातात आणि जातात. त्यानं एकवीस वर्षांत अशा पन्नास परीक्षांना चहा दिला होता आणि एकही नापास झालेला पाहिला नव्हता. गुरुवार ते सोमवार, चार दिवसांचा तर प्रश्न.

गुरुवारी दिपमालानं तो अहवाल स्वतःच पडद्यावर लावला. लपवला असता तर पास झाली असती, परीक्षकांकडे तो नव्हताच. पण ती कंडक्टरची पोर, तिकीट न फाडता कुणाला बसू द्यायचं तिला जमत नव्हतं. बाहेरून आलेले परीक्षक पुढं झुकले. "तुमच्या प्रबंधात फक्त तांबं आणि ग्राफीन आहे. मग हे कथील कुठून आलं?"

अभिमन दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा होता. मी खुर्च्या लावायला आलो होतो, मागच्या रांगेत होतो. तिनं आमच्यापैकी कुणाकडं पाहिलं नाही. म्हणाली, "मला माहीत नाही, सर."

"तुमच्या कामाची सगळी ताकद कदाचित याच कथिलात आहे, आणि तुम्हाला माहीत नाही?"

भूषण सर कागद चाळत राहिले. एका वाक्यानं ते तिला सावरू शकले असते, पण त्यांना स्वतःला सावरायचं होतं. परीक्षक कडक होते पण कसाई नव्हते. म्हणाले, "महिनाभराची मुदत देतो. कोणता पदार्थ, कोणत्या बाटलीतला, कधी वापरला, याचा कागद आणा. मी प्रबंध मान्य करीन. नाहीतर या पट्ट्या बाद." या पट्ट्या बाद म्हणजे सगळंच बाद. चहा कुणी घेतला नाही.

संध्याकाळी ती साक्रीला निघाली. अभिमन धावत नव्या बसस्टँडवर गेला, मीही गेलो. का गेलो ते मला आजही सांगता येत नाही. धुळ्याकडची गाडी लागायची होती. त्यानं तिथंच, लोकांच्या पिशव्यांच्या गर्दीत, तिला सगळं सांगून टाकलं. कथिलाचा क्षार, किती, किती वेळ, कसं धुवायचं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "नाना, मी हाई पहिलाच वरीसले करी दखं व्हतं. पुस्तकमा शे हाई. पन पानी दूधना मायक व्हई गयं. मंग सोडी दिधं."

"आधी चिंचनं पानी टाकनं पडस," तो म्हणाला. "आंबट ऱ्हायनं का दूध व्हत नही."

चिंचेचं पाणी. तिच्या पुस्तकात तिथं कुठल्यातरी आम्लाचं नाव होतं, ते पान तिनं घाईत ओलांडलं होतं. आणि तांबट गल्लीत ते पोराटोरांना माहीत होतं. मग ती अहिराणी सोडून शुद्ध मराठीत बोलायला लागली, आणि ती किती लांब गेली ते मला कळलं.

"हे मी तुमच्या नावानं लिहिलं असतं, नाना. आधी तुमचं नाव, मग माझं. आणि लिहून दिलं असतं तरी तुमच्यासारखं कुणाला जमलं नसतं. किती आंबट, हे तुम्ही जिभेवर बघता. ते कोण चोरणार होतं?"

मग तिनं विचारलं, "बाटली कुठून आणली?"

मी तिथंच उभा होतो, तिच्यापासून दोन हातांवर. अभिमननं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"बाजारतून," तो म्हणाला.

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग गाडी लागली.

सोमवारच्या बैठकीत कायमच्या यादीतून अभिमनचं नाव गळलं. त्याऐवजी चौकशी समिती नेमली गेली. अभिमननं समितीपुढं सगळं कबूल केलं, चिंचेसकट. एक साहेब चिंचेला हसले. दिपमालासाठी म्हणून तो पुन्हा पुन्हा सांगत होता की पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं, सगळं त्यानं केलं. अध्यक्षांनी विचारलं, "बाटलीची पावती?" पावती नव्हती, असणार कुठून? "मग तुमच्या शब्दाला पुरावा काय?" मग त्यांनी मला विचारलं. "स्टोअरमधून गेली होती का?"

स्टोअरमधून गेली असती तर ती कॉलेजची बाटली. तिच्यावर कंपनीचं नाव, तयार केल्याची तारीख, सगळं छापलेलं. तोच परीक्षकांना हवा असलेला कागद. दिपमालाचा प्रबंध उभा राहिला असता, आणि अभिमनवरचा आरोप म्हणजे एका चिठ्ठीची चूक ठरली असती. बाजारातून आणली तर हंगामी नोकरानं संशोधनात परस्पर बाहेरचा माल मिसळला. दोन्हींच्या मधे मी होतो.

मी रजिस्टर उघडून दाखवलं. "नोंद नाही."

त्याच महिन्यात त्याचे अकरा महिने भरले, नवीन कागद निघाला नाही. आता तो धुळ्यात एका भंगारवाल्याकडे तांबं वेगळं काढायचं काम करतो, असं ऐकतो. दिपमाला साक्रीत दहावीच्या पोरांचे क्लास घेते. तिच्या पट्ट्या एका डब्यात होत्या. तो डबा माझ्यानंतर आलेल्या स्टोअरवाल्यानं भंगारात दिला म्हणे. भूषण सरांचं बरं चाललंय. माझा निरोप समारंभ झाला, निष्कलंक सेवा असं त्या कागदावर छापलं होतं. मी तो घरी नेऊन ट्रंकेत टाकला. बायकोनं फ्रेम करायला काढला तेव्हा मी तिच्यावर खेकसलो, आणि का ते तिला सांगितलं नाही.

अभिमन शेवटच्या दिवशी स्टोअरमध्ये आला होता. हातात काही नव्हतं, एकवीस वर्षांचं सामान म्हणून त्याच्याकडे एक गमछा होता. मी त्याला बस म्हटलं, तो बसला नाही. मी म्हटलं, "अभिमन, मी उद्या जाऊन सांगतो. अर्धी बाटली अजून माझ्याकडेच आहे." ती त्यानं काम झाल्यावर मला परत आणून दिली होती, झाकण घट्ट लावून.

त्याच्या मनात राग असेल म्हणून मी वाट बघत होतो. एखादी शिवी आली असती तर मी त्याच पावली साहेबांकडं गेलो असतो, असं मला तेव्हा वाटलं.

"मी तुम्हले शबद दिधा व्हता, भाऊ," तो म्हणाला. "आनि तुम्हना तीनच महिना बाकी शेतस. ऱ्हाऊ द्या."

परीक्षकांनी दिलेल्या मुदतीला अजून नऊ दिवस होते. बाटली कपाटात होती, किल्ली माझ्या खिशात.

मी राहू दिलं.